पान अठ्ठ्याऐंशीवरची मूठ

"लेखक जिथं 'अर्थातच' म्हणतो ना, तिथं त्याला घाम फुटलेला असतो," असं आमचे सर म्हणायचे. म्हणायचे म्हणजे वर्गातच नव्हे. चहाच्या गाड्यावर, बँकेच्या रांगेत, कुणाच्या बारशाला गेले तर तिथंही. भाजीवाली म्हणाली, "ताजीच हाय की, बघताय काय," तर सर माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "ह्या 'च' मध्ये कालची भाजी हाय बघ." आणि तीच भाजी घेत.

त्यांच्या खिशाला एक दुतोंडी पेन्सिल असे, एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला तांबडी. लेखकाला जे सांगायचं आहे ते निळ्यानं आणि त्याच्या तोंडून जे निसटलं ते तांबड्यानं, असा त्यांचा हिशेब. आमच्यासारखी मुलं महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा मारतात. सरांच्या रेघा भलत्याच ठिकाणी असत. 'साहजिकच'खाली, 'सर्वांना ठाऊक आहे'खाली, कंसातल्या मजकुराखाली, तळटीपांखाली. त्यांच्याकडून पुस्तक वाचायला आणलं की मूळ पुस्तक बाजूलाच राहायचं आणि मी तांबड्या रेघांच्या मागं धावत सुटायची. परत देताना ते विचारत, "पुस्तक वाचलंस का मला?" मी प्रामाणिकपणे सांगत असे, "तुम्हाला."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात मराठी घेऊन एम.ए. करत होते. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्याच्या मुलीनं मराठी घ्यावं याचं गल्लीला नवल वाटत होतं, आणि मराठीच्या विभागात सर जे शिकवत त्याचं सगळ्या गावाला. ते विरचना शिकवत. फ्रान्समधल्या कुणा तत्त्वज्ञानं काढलेली ही वाचायची रीत. सर हैदराबादला तीन आठवड्यांच्या कोर्सला गेले आणि येताना एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले, तेव्हापासून ते बदलले असं जुने सहकारी सांगत. सरांच्या बायकोचं म्हणणं होतं की ते जन्मापासून असेच आहेत, हैदराबादला फक्त त्यांना त्याचं नाव कळलं.

विभागातले एक ज्येष्ठ समीक्षक सरांवर फार चिडून असत. त्यांनी आयुष्यभर कवितेचं सौंदर्य उलगडून दाखवलं होतं आणि ते दाखवतही सुंदर. स्टाफरूममध्ये ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "गुलाबाचा वास घ्यायचं सोडून तुम्ही पाकळ्या उपटता." सर बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाले, "मी उपटत न्हाई हो. कुठली पाकळी सुटायला आलीय तेवढं बघतोय. सुटती ती आपल्या आपणच." दोघांचं भांडण वीस वर्षं चाललं, पण ज्येष्ठांना मोतीबिंदू झाला तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायला जात ते सरच. वाचता वाचता मध्येच थांबले की ज्येष्ठ ओरडत, "तांबडी रेघ मारू नका, पुढं वाचा!"

विरचना म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं ते कुस्तीवरून. फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले, "जगात सगळीकडं जोड्या लावून ठेवल्यात. बोलणं आणि लिहिणं, आतलं आणि बाहेरचं, मूळ आणि नक्कल. जोडीतला एक नेहमी वर बसलेला असतोय. तत्त्वज्ञान दोन हजार वर्षं त्या वरच्याचं कौतुक करत आलंय. पण पैलवान वर आहे कशाच्या जोरावर? खाली कुणीतरी आहे म्हणून. खालचा नसला तर ह्यो नुसता मातीत पालथा पडलेला गडी." आम्ही हसलो. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे सर, खालच्याला वर आणायचं, झालं." सरांनी मान हलवली. "ते अर्धंच काम. खालचा वर आला की कुस्ती फिरली, एवढंच. मग बघायचं, ह्यो आखाडा खणला कुणी? माती चाळली कुणी? त्याचं नाव तर दोघांच्याही यादीत न्हाई." त्या एका तासात मला जे कळलं, त्याच्यावर मी आज स्वतः शिकवून पोट भरते आहे.

त्या झेरॉक्सचीही एक गंमत आहे. त्रेसष्ट पानानंतर एकदम पासष्ट. चौसष्टावं पानच नव्हतं. अख्ख्या पुस्तकाचं मर्म त्या गाळलेल्या पानात असणार, असं सरांनाही वाटत होतं. दीड वर्ष आम्ही त्यावर वाद घातले. एका हुशार मुलीनं त्या पानावर काय असेल यावर चांगला दहा पानी निबंध लिहिला आणि सरांनी तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले. पुढं पुण्याहून मूळ पुस्तक मिळालं. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर उघडलं. चौसष्टावं पान कोरं होतं. तिथं एक प्रकरण संपत होतं, म्हणून झेरॉक्सवाल्यानं कोरा कागद वाया घालवला नव्हता. आम्ही ओशाळलो. सर मात्र बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या मुलीचे गुण त्यांनी कमी केले नाहीत. "कोऱ्या पानावर दहा पानं लिहिली तिनं. ह्यापेक्षा चांगलं कोण वाचणार?" असं म्हणून तिला आणि आम्हा सगळ्यांना त्यांनी मिसळ खायला नेलं.

सर राधानगरीकडच्या एका खेड्यातले. बौद्ध कुटुंबातले. वडील धरणाच्या कामावर होते. आपल्या गरिबीच्या गोष्टी ते सांगत नसत, कुणी खोदून विचारलं तर विषय बदलत. एकदाच, गावाचा इतिहास सांगणारी एक जुनी पुस्तिका वर्गात वाचत असताना, गावात कोण कोण राहत होते त्या यादीच्या शेवटी आलेल्या 'इत्यादी' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. "हितं माझं घर होतं," म्हणाले, आणि पुढं वाचायला लागले. मला रडू येत होतं आणि सरांच्या चेहऱ्यावर मात्र जुना पत्ता सापडल्यासारखं समाधान होतं.

आता माझ्या चुकीकडं येते.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, लेथवर टर्नर म्हणून लागले आणि स्वतःची फाउंड्री काढून थांबले. ऑइल इंजिनाचे भाग ओतायचे. साठी उलटल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. शाळा सातवी, पण हात लिहिता. पुस्तकाला नाव दिलं 'एकहाती'. दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात शिकवायला लागले होते, म्हणून प्रुफं माझ्याकडं. ती मी अशी तपासली की एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला नाही.

पुस्तकाचा कळस होता पान अठ्ठ्याऐंशीवर. तो कळायला फाउंड्रीतली एक गोष्ट माहीत हवी. इंजिनाचा भाग आतून पोकळ असतो. ती पोकळी आपोआप येत नाही, ती आधी घडवावी लागते. वाळूचा तसाच आकार करून, भाजून, साच्याच्या पोटात ठेवतात. त्याला कोअर म्हणतात. भोवती लोखंडाचा रस ओतला की कोअरनं तो सहन करायचा, आणि रस थिजल्यावर आपण भुगा होऊन बाहेर पडायचं. राहते ती पोकळी. कोअर कच्चा निघाला तर ओतकामात फोड येतात, फार पक्का निघाला तर तडा जातो. आबांच्या उमेदीच्या काळात सलग तीन महिने सगळा माल फोड येऊन परत येत होता. फाउंड्री बसायची वेळ आली होती. तेव्हा वाळूत तेलाऐवजी काकवी घालायची युक्ती त्यांनी काढली आणि फाउंड्री तरली. पुस्तकात लिहिलं होतं, 'दोन बोटांत काकवीची तार धरताच मी ओळखले, की हीच ती.'

प्रकाशनाला कुणाला बोलवायचं? आबांना एखादा मोठा पुढारी हवा होता. मीच हट्ट धरला, सरांना बोलवू. माझ्या माहितीतले सगळ्यांत चांगले वाचक तेच. आमंत्रण द्यायला गेले तेव्हा सरांनी एकच विचारलं, "पावणा म्हणून बोलवतीस का वाचक म्हणून?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "वाचक म्हणून, सर."

सरांच्या बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, ह्यांना बोलवायच्या आधी मला इचारायचं हुतंस. आमच्या लग्नात माझ्या वडलांनी भाषण क्येलं, त्याच्याबी तळटीपा काढल्या ह्यांनी."

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या रांगांत उद्यमनगरातले कारखानदार, मागं आमचे कामगार, अगदी मागच्या रांगेत कोअर करणाऱ्या बायका, जुन्या-नव्या सगळ्या. सरांना फेटा बांधला. त्यांनी तो दोन मिनिटांनी काढून मांडीवर ठेवला, कानावर आला की ऐकू येत नाही म्हणून. मग उठले, आणि पुस्तक उघडलं.

सुरुवात फार छान केली. एवढ्या सफाईनं यंत्राबद्दल मराठीत लिहिलेलं आपण क्वचित वाचलंय, म्हणाले. ते खरंच होतं आणि आबा फुलले. मग सर म्हणाले, "पुस्तकाचं नाव 'एकहाती'. पण ह्या पुस्तकात आणखी एक हात आहे. कुणाचा, ते मला माहीत न्हाई. पुस्तकाला मात्र माहीत आहे." आणि त्यांनी पान एकोणीस वाचलं. 'लहानपणी गुऱ्हाळाच्या वासानेच मला ओकारी येई. काकवीला मी आजन्म बोट लावले नाही.' मग पान अठ्ठ्याऐंशी वाचलं. दोन बोटांत काकवीची तार. पुस्तक मिटलं. "आजन्म बोट न लावलेला माणूस तार ओळखतो. तर ही बोटं कुणाची? ज्याचं काम रस सोसायचं आणि भुगा होऊन निघून जायचं, तसं कुणीतरी ह्या पानाच्या पोटात आहे. म्हणून तर पान उभं आहे."

मी गार पडले. दोन्ही पानांची प्रुफं मीच पाहिली होती, वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. सगळ्या कोअरवाल्या बायकांनी एकाच वेळी माना वळवल्या, आणि त्या ज्या बाईकडं वळल्या तिच्याकडं मग सगळी सभा वळली. हौसाक्का. आमच्याकडं तीस वर्षं कोअर करून घरी बसलेली. तिचे वडील गुळव्या होते, गुऱ्हाळावर गुळाचा पाक जोखणारे. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाली बघत बसली.

आबा उत्तराच्या भाषणाला उठले. "चहा घेऊन जावा," एवढंच म्हणाले आणि बसले.

घरी आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "चार मान्साच्या म्होरं तुझ्या मास्तरनं माझं कपडं काढलं." मग आठ दिवस एक शब्द नाही. जेवायच्या वेळी मी आत गेले की ते बाहेर. जन्मात आबा माझ्याशी असं वागले नव्हते. वाटायच्या उरलेल्या प्रतींचे गठ्ठे तसेच सुतळी बांधून कोपऱ्यात पडले.

मी सरांच्या घरी भांडायला गेले. त्यांच्यासमोर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. "तो म्हातारा माणूस आहे, सर. तुमचा ग्रंथ नाही तो फाडून बघायला!" सरांचा चेहरा इतका उतरला की मीच घाबरले. त्यांनी तोवर तीन वेळा आबांना फोन केला होता आणि आबांनी तिन्ही वेळा ठेवला होता.

"मी आरोप क्येला न्हाई गं," ते म्हणाले. "तुला एक विचारतो. तुझ्या आबांना खरंच लपवायचं असतं, तर पान एकोणीस त्यांनी कशाला लिहिलं? एक वाक्य तर खोडायचं होतं. माणूस लबाड असला की दोन्ही पानं जुळवून घेतो. ह्यांनी जुळवली न्हाईत. एक सांगायचं होतं आणि दुसरं सुटत नव्हतं. मला वाटलं, त्यांनी दार लोटून घेतलंय, कडी लावलेली न्हाई." मग म्हणाले, "पण ते चार भिंतींत सांगायचं होतं. सभेत न्हवं. हितं माझं चुकलं. वाचायच्या नादात समोर बसलेला माणूस मी वाचला न्हाई." मग काकूंनी चहा आणला आणि आम्ही दोघांनी तो मान खाली घालून प्यायला.

सरांचं बोलणं मी आबांना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल. उचगावला जाऊन येऊ."

उचगावला हौसाक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. आबा तिच्यासमोर बाजल्यावर बसले. फाउंड्रीत त्यांच्यापुढं कुणी बसत नसे, आणि इथं त्यांनाच नीट बसता येईना.

"हौसाक्का, पुस्तकात तुजं नाव ऱ्हायलं," ते म्हणाले.

"नातसुनेनं वाचून दावलं की," ती म्हणाली. "झ्याक लिवलंय. पर मालक, तवा बाईच्या सांगण्यावरनं काकवी घातली म्हटलं असतं, तर तुमचा माल घेतला असता व्हय कुणी? तवाचं सोडा."

"तवाचं सोडलं. आत्ता बी लिवलं न्हाय, त्येचं काय?"

तिनं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "त्येचं तुमचं तुमी बघा. पर जे लिवलंय ते चुकीचं लिवलंय."

आबा ताठ झाले. "काय चुकीचं?"

"तार गुळाला बघत्यात, मालक. कोअरला कोण तार बघतंय? कोअरला मूठ बघायची." अंगणात वाळूचा ढीग होता. ती उठली, मूठभर ओली वाळू घेतली, दाबली आणि हात उघडला. वाळूवर तिच्या चारी बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. "हे असं बोट दिसाय पायजे. आन अंगठ्यानं ढकललं की..." तिनं ढकललं. गोळा अलगद फुटला. "असं. तुमी तवा बाजूला नाक दाबून हुबा ऱ्हायलावता. तुमाला काय दिसणार?"

आमच्या आबांना मी चांगली ओळखते. आपण कुणाचं श्रेय घेतलं हे त्यांना डाचत होतंच, पण आपल्या पुस्तकात कामाची माहिती चुकीची छापली आहे हे ऐकल्यावर त्यांना बसवेना. "आयला," म्हणाले, "एवढी जलमभर फाउंड्री चालवली, आन मूठ सोडून तार लिवली मी?" हौसाक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग आबाही. परतताना स्कूटरवर माझ्यामागं बसून ते माझ्याशी आठ दिवसांचं एकदम बोलले.

आबांनी एक चिठ्ठी छापून घेतली आणि राहिलेल्या एकूण एक प्रतीत पान अठ्ठ्याऐंशीवर स्वतःच्या हातानं खळ लावून चिकटवली. आईनं मदत करते म्हटलं तर म्हणाले, "नगं. सरांनी इचारलं, चिकटवली कुणी, तर?"

पहिली प्रत घेऊन आम्ही दोघं सरांकडं गेलो. सर दारातच घुटमळले. आबांनी पुस्तक पुढं केलं. सरांनी ते घेतलं, पान उघडलं आणि सवयीनं खिशातून पेन्सिल काढली. काकूंनी डोक्याला हात लावला. मी डोळे मिटून घेतले.

चिठ्ठीवर होतं: 'पान ८८, ओळ चौथी. तार नव्हे, मूठ असे वाचावे. आणि अर्थातच, ती मूठ माझी नव्हती. ती आमच्या हौसाक्कांची होती.'

तांबड्या टोकानं सरांनी एका शब्दाभोवती वर्तुळ काढलं. कुठल्या, ते मला न बघताच कळलं. सरांनी आबांना आपलं ते जुनं वाक्य संकोचत सांगितलं, लेखकाला घाम कुठं फुटतो ते.

आबांनी चष्मा सारखा करून त्या वर्तुळाकडं नीट पाहिलं. "व्हय की, सर," ते म्हणाले. "चाळीस वर्सं भट्टीम्होरं काढली. पर असला घाम न्हवता आला कवा."

"मग ऱ्हाऊ दे तो शब्द," सर म्हणाले. "काढू नका."

तो अजून आहे. ती प्रत आता माझ्याकडं आहे.